आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी: जुन्या फोर्ड मस्टँगमध्ये टी-फाइव्ह हा पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवल्यावर गरम गाडीत रिव्हर्स पडत नाही तेव्हा

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. गाडी थंड असताना सगळे गिअर अलगद पडतात. वीस-पंचवीस मिनिटं गर्दीतून चालवली की रिव्हर्स टाकताना कर्रर्र होतं, पहिल्या गिअरसाठी दांडी रेटून धरावी लागते आणि क्लच तळापर्यंत दाबलेला असूनही सिग्नलला गाडी हळूच पुढं सरकू बघते. इंजिन बंद केलं की तोच रिव्हर्स मुकाट्यानं पडतो. पायलट बुश (क्रँकच्या टोकातलं, गिअरबॉक्सच्या शाफ्टचं नाक धरणारं छोटं कडं) बदललं की महिनाभर बरं वाटतं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

हे सगळं जुळत असेल तर गिअरबॉक्स उघडू नका. मी उघडायला दिला होता. आत काही सापडलं नाही, बिल तेवढं सापडलं.

माझी गाडी १९६७ ची मस्टँग हार्डटॉप. नंबर ७एफ०१सी नं सुरू होतो: ६७ साल, अमेरिकेत मिशिगनमधल्या डिअरबॉर्नचा कारखाना, हार्डटॉप आणि दोन बॅरलच्या कार्ब्युरेटरचं २८९ इंजिन. मी राहतो त्या कारखान्यापासून अर्ध्या तासावर, त्यामुळे ही बाई जन्मगावीच म्हातारी होते आहे. तिचा मूळ गिअरबॉक्स फोर्डचा चार गिअरचा टॉपलोडर. त्याला नावं ठेवायला जागा नाही, पण चौथा गिअर एकास एक. माझ्या मागच्या ॲक्सलला ३.५५ चा गिअर आहे, म्हणजे ताशी सत्तर मैलांना इंजिन ३,२७५ फेऱ्यांच्या आसपास ओरडत असतं. रेडिओ लावून उपयोग नाही. फॉक्स पिढीच्या १९८९ च्या पाच लिटर मस्टँगमधला टी-फाइव्ह मिळाला. त्याचा पाचवा ०.६८ आहे, त्यामुळे त्याच वेगाला २,२३० फेऱ्या. त्या वर्षांच्या टी-फाइव्हची क्षमता २६५ पाउंड-फूट सांगतात आणि माझ्या २८९ चा टॉर्क जुन्या ग्रॉस मापानं २८२. शहाण्यासारखं चालवलं तर चालतं. तुमच्याकडे तयार केलेलं मोठं इंजिन असेल तर ट्रेमेकचा टीकेएक्स बघा, त्याची क्षमता ६०० आहे. पण खाली जे सांगतोय ते त्यालाही तेवढंच लागू.

टॉपलोडरच्या बेलहाउसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं, क्लच झाकणारं कवच) टी-फाइव्ह थेट बसत नाही. बोल्टांच्या जागा जुळत नाहीत. मग दोन वाटा असतात. एक, फॉक्स मस्टँगचंच बेलहाउसिंग घ्यायचं आणि क्लच केबलवर न्यायचा. दुसरी, जुनं बेलहाउसिंग ठेवून मध्ये ॲडॅप्टर प्लेट घालायची, म्हणजे मूळची झेड-बारची (पेडलची हालचाल क्लचपर्यंत नेणाऱ्या दांड्याची) क्लच जोडणी तशीच राहते. मला पेडलखालचं काहीही कापायचं नव्हतं, म्हणून मी प्लेट घेतली. दुखण्याचं मूळ तिथंच होतं, पण ते कळायला दीड वर्ष गेलं.

जाता जाता एक: पहिली वाट धरणाऱ्यांनी फॉक्सचं फ्लायव्हील (क्रँकच्या मागचं जड चाक) २८९ ला लावू नका. दोन्हीवर दात १५७, दिसायला सख्खी भावंडं, पण पाच लिटरचं फ्लायव्हील ५० औंस असंतुलनाचं आहे आणि २८९ ला २८ औंसाचं लागतं. चुकीचं लावलंत तर न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीचा आरसाही थरथरेल, आणि तुम्ही इंजिन माउंट बदलत बसाल.

आता तपास. मी तो उलट्या क्रमानं केला, तुम्ही सुलट करा.

गाडी चांगली गरम करा. न्यूट्रल, क्लच सोडलेला. आता क्लच दाबा, मनात दहा अंक मोजा आणि मग रिव्हर्स टाका. या टी-फाइव्हच्या रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी रिंग) नसतो, त्यामुळे तो खोटं बोलत नाही. इनपुट शाफ्ट (क्लचकडून गिअरबॉक्समध्ये फिरकी नेणारा दांडा) थांबला असेल तर रिव्हर्स पडेल, फिरत असेल तर करकरेल. दहा मोजूनही करकरला तर क्लच दाबलेला असताना इंजिनाची फिरकी कुठून तरी गिअरबॉक्सपर्यंत पोचते आहे. गिअरबॉक्स बिचारा साक्षीदार आहे, आरोपी नाही. उलट, दहा मोजल्यावर रिव्हर्स नीट पडतो पण चालत्या गाडीत फक्त दुसरा किंवा तिसरा एकच गिअर करकरतो, असं असेल तर मात्र सिंक्रोकडे बघा, ही पोस्ट तुमच्यासाठी नाही.

फिरकी पोचायच्या वाटा फार नाहीत. एक तर क्लचप्लेट पूर्ण सुटत नाही, किंवा सुटते पण इनपुट शाफ्टचं नाक पायलट बुशात आवळलं जातं आणि क्रँक त्याला सोबत ओढत नेतो. पहिली वाट तपासणं सोपं आहे. बेलहाउसिंगचं खालचं झाकण काढा, कुणाला तरी पेडल दाबून धरायला सांगा आणि क्लचप्लेट व फ्लायव्हीलच्या मध्ये फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. आमच्याकडे पेडलवर बायको होती, हातात चहा घेऊन. चाळीस थाउची (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पट्टी सगळीकडून सहज गेली. म्हणजे प्लेट सुटत होती. इथं पट्टी अडकली असती तर झेड-बारच्या दोन्ही टोकांची बुशं, पेडलच्या वरच्या आधाराची झीज, वाकलेला फोर्क हे सगळं आधी बघायचं होतं. ६७ च्या गाड्यांत पेडलचा आधार झिजलेला असतोच, आणि इंजिन माउंट सैल झाला तर इंजिन उचललं जाऊन झेड-बारचा कोन बदलतो, मग पेडलची अर्धी चाल वाया जाते. हायड्रॉलिक क्लच लावलेल्यांनी हवा आधी काढावी, नंतर तत्त्वज्ञान.

प्लेट सुटत होती, तरी फिरकी पोचत होती. राहिलं पायलट बुश.

पहिल्यांदा गिअरबॉक्स उतरवला तेव्हा क्लचच्या हबवर बारीक सोनेरी भुकटी बसलेली दिसली, हळदीच्या डब्याचं झाकण उघडं राहावं तशी. बुशाचं भोक मागच्या तोंडाशी कर्ण्यासारखं गोल पसरलेलं, आणि शाफ्टच्या नाकावर एकाच बाजूला नाही तर सगळीकडून पितळी लेप. ही खूण लक्षात ठेवा. बाजूचा ताण बेलहाउसिंगच्या बाजूनं येत असेल तर तो एका दिशेला स्थिर असतो, पण शाफ्ट आणि बुश दोन्ही फिरत असतात, म्हणून झीज गोल पसरते. मी मात्र ‘बुश हलक्या मालाचं होतं’ असा निवाडा देऊन मोकळा झालो. तेही अर्धं खरंच होतं: त्या बुशाला चुंबक चिकटलं. चांगलं ब्राँझचं बुश चुंबकाला दाद देत नाही. लोखंडाची भुकटी मिसळलेलं देतं, आणि ते शाफ्टचं नाकही खातं. नवं ब्राँझचं बसवलं आणि सहा आठवडे सुखात गेले.

मग ऑगस्टातली वुडवर्ड ड्रीम क्रूझ आली. १९९५ पासून, २०२० चा अपवाद सोडला तर, दर वर्षी हा मेळा भरतो. डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर मैलोन्मैल जुन्या गाड्या, आणि चाल मुंगीची. दीड तासात क्लच शे-दोनशे वेळा दाबला गेला असेल. एका वळणावर मागं घ्यायची वेळ आली आणि रिव्हर्स पडेना. मागं १९७० ची शेव्हेल, फुटपाथवर खुर्च्या टाकून बसलेले प्रेक्षक, आणि माझ्या गाडीतून येणारा तो आवाज. शेवटी इंजिन बंद केलं, रिव्हर्स टाकला, क्लच दाबून पुन्हा चालू केलं. गाडी स्टार्टरबरोबरच मागं सरकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बायकोनं खिडकीबाहेर बघायचं पसंत केलं.

दुसऱ्यांदा उतरवला तेव्हा मी हुशारी केली: बुशाऐवजी सुयांचं रोलर बेअरिंग घातलं. बुश झिजून का होईना वाकडेपणा पोटात घालतं, रोलर बेअरिंग घालत नाही. तीन महिन्यांत त्याच्या सुया तुटल्या आणि शाफ्टच्या नाकावर चरे पडले. इनपुट बेअरिंगचाही घरघराट सुरू झाला. याच काळात इथल्या एका दुकानानं ‘सिंक्रो गेले’ म्हणून गिअरबॉक्स उघडला. तेलाचीही शंका होती, ती मी स्वतः मिटवली. १९८५ पासूनच्या व्ही-८ मस्टँगमधले टी-फाइव्ह ‘वर्ल्ड क्लास’ प्रकारचे असतात, त्यांच्या सिंक्रो रिंगना अस्तर असतं आणि त्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल लागतं, सुमारे २.६५ लिटर. जाड गिअर ऑइल घातलं की थंडीत गिअर बदलताना खिचडीत डाव फिरवल्यासारखं होतं. पण तो त्रास थंड गाडीत होतो, माझा गरम गाडीत होता. तेल निर्दोष.

बेलहाउसिंगवर डायल (थाउमध्ये सरक दाखवणारं घड्याळासारखं मापक) लावायला हवा हे मला माहीत नव्हतं असं नाही. लावला होता. पहिल्या वेळीच. बेलहाउसिंगच्या भोकात डायल फिरवून सहा थाउ मिळाले होते. मर्यादा दहाची. ‘पास’ लिहून पुढं गेलो.

काकांनी फोनवर पकडलं. काकांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथ चालवली, आता गुडघे धरलेत पण कान शाबूत आहेत. मी रडगाणं सांगत होतो, ते मध्येच म्हणाले, “थांब जरा. डायल कशावर फिरवलास?”

“बेलच्या भोकावर.”

“आणि तुझा बॉक्स कशात बसतोय?”

“प्लेटच्या भोकात.”

“मग?”

पुढं ते काही बोलले नाहीत. मीही.

टॉपलोडरचं नाक बेलहाउसिंगच्या भोकात बसत होतं, म्हणून तिथं मोजणं बरोबर होतं. माझा टी-फाइव्ह मात्र प्लेटच्या भोकात बसतो, आणि प्लेट बेलहाउसिंगमध्ये कशी बसली आहे हे मी कधी मोजलंच नव्हतं. आम्ही सगळे आंतरजालावर बेलहाउसिंगचं रनआउट (भोक क्रँकच्या मध्यापासून किती हटलंय ते), बेलहाउसिंगचं रनआउट म्हणून घोकतो. मोजायचं ते बेलहाउसिंग नव्हे. गिअरबॉक्स ज्या कडेवर टेकतो ती शेवटची कड मोजायची, मग मध्ये कितीही तुकडे असोत.

मोजणी अशी. सगळे स्पार्क प्लग काढा, म्हणजे क्रँक हातानं फिरेल. क्लच काढा, फ्लायव्हील राहू द्या. बेलहाउसिंगचे आणि इंजिनचे टेकणारे चेहरे रंग, गंज, जुना सीलर घासून उघडे करा. बेलहाउसिंग घट्ट करा, त्यावर प्लेट लावा आणि तीही गिअरबॉक्स बसवताना आवळता तितकीच आवळा. डायलचं चुंबकी बूड फ्लायव्हीलवर ठेवा (फ्लायव्हील ॲल्युमिनियमचं असेल तर चुंबक चिकटणार नाही, मग त्याच्या बोल्टला पट्टी लावून त्यावर डायल धरा), दांडा जमेल तेवढा आखूड, आणि सुईचं टोक प्लेटच्या भोकाच्या आतल्या कडेवर. क्रँकच्या पुढच्या बोल्टला सॉकेट लावून एकाच दिशेनं फिरवा. गाडीखाली झोपून डायल वाचताना मान मोडते, म्हणून मी फोन तिथं टेकवून व्हिडिओ घेतला आणि वर येऊन आकडे लिहिले.

घड्याळाप्रमाणे चार जागी वाचा. माझे आकडे: बाराला शून्य, तीनला १४, सहाला २६, नऊला १२. समोरासमोरच्या जोड्या बेरीज करून बघा. बारा आणि सहा मिळून २६, तीन आणि नऊ मिळूनही २६. या दोन बेरजा जुळल्या नाहीत तर डायल सरकला आहे किंवा सुई एखाद्या खरचट्यावरून गेली आहे. ते आकडे फेकून द्या आणि पुन्हा मोजा. एकूण वाचन २६, म्हणजे मध्यापासून सरक त्याच्या निम्मी, १३ थाउ. एकूण वाचनाची मर्यादा दहा, म्हणजे सरकेची पाच; त्याच्या अडीचपटीहून जास्त. एवढ्या वाकड्या कानात शाफ्टचं नाक रोज हजारो वेळा फिरत होतं.

इंजिनवर बेलहाउसिंगची जागा डोवेल पिना धरतात; बाजारात ते सरकवण्यासाठी विकेंद्री डोवेल पिना मिळतात, ७, १४ आणि २१ थाउच्या. १३ ची सरक, १४ च्या पिना, संपला विषय असं वाटून मी मागवणारच होतो. सवयीनं प्लेट एकदा सैल करून पुन्हा आवळली आणि मोजलं. १९. पुन्हा केलं. ३१.

म्हणजे प्लेटची ओठासारखी कड बेलहाउसिंगच्या भोकात खुळखुळत होती आणि दर वेळी नशिबानं बसत होती. दर वेळच्या जोडणीत काही महिने ‘बरं’ का वाटायचं, त्याचं उत्तर मिळालं: कधी १९ ला बसायची, कधी ३१ ला. अशा प्लेटवर डोवेल पिना बदलणं म्हणजे हलत्या होडीत वजन करणं. आधी प्लेट खिळवायला हवी.

प्लेटचे बोल्ट अर्धवट आवळले, नायलॉनच्या हातोडीनं हलके ठोके देत डायल बघत राहिलो. सगळा खुळखुळा एका बाजूला नेल्यावरही वाचन १५ च्या खाली येईना. ठीक. तिथंच बोल्ट पूर्ण आवळले, बेलहाउसिंग आणि प्लेट एकत्रच उतरवली आणि ओळखीच्या मशीनवाल्याकडे नेऊन दोन्हींतून आरपार पाव इंची दोन भोकं पाडून, रीमर फिरवून, कडक डोवेल ठोकून घेतले. दोन्ही भोकं मुद्दाम समोरासमोर न घेता थोडी तिरपी घेतली, म्हणजे प्लेट उलटी लावता येणार नाही. आता ती सैल करून शंभर वेळा लावा, वाचन १५ चं १५.

१५ चं निम्मं साडेसात, म्हणून ७ थाउच्या पिना. इंजिन ब्लॉकमधल्या जुन्या पिना निघायला माझी अख्खी दुपार गेली. थोडी उष्णता, गंज सोडवायचं तेल आणि शिव्या, तिन्ही लागतं. नव्या दोन्ही पिनांचा कल एकाच दिशेला हवा. पहिल्यांदा घातल्या तर वाचन २९ आलं! घाबरू नका. पिना उलट्या दिशेला बसल्या आहेत एवढाच अर्थ, दोन्ही अर्धा वेढा फिरवा. फिरवल्यावर ३ आलं. मग डायल प्लेटच्या चेहऱ्यावर टेकवून ती क्रँकशी काटकोनात आहे का तेही बघितलं. हे करताना क्रँक मागच्या बाजूला दाबून धरावा लागतो, नाहीतर त्याची पुढं-मागं होणारी चाल डायलवर दिसते. ते ४ आलं.

बसवताना आणखी एक तपासा. प्लेटच्या जाडीमुळे गिअरबॉक्स मागं सरकतो आणि शाफ्टचं नाक बुशात कमी शिरतं. माझं किती शिरतंय ते पाहायला नाकाला निळी मार्किंग शाई लावली, बॉक्स बसवून काढला आणि पुसलेला पट्टा मोजला. बुशाची बहुतेक लांबी पकडीत होती. तुमची तशी नसेल तर बाहेर जास्त येणारं लांब बुश घ्या. १९९४-९५ च्या मस्टँगचा लांब शाफ्टचा टी-फाइव्ह आयता मिळतोय म्हणून घेऊ नका. तो अर्ध्या इंचाहून जास्त लांब आहे, त्याचं वेगळं गणित मांडावं लागतं. आणि गिअरबॉक्स बोल्टांनी खेचून बसवू नका. शेवटचा अर्धा इंच हातानं जात नसेल तर काहीतरी अडतंय. बोल्ट ते अडणं दूर करत नाहीत, लपवतात.

सगळं सरळ झाल्यावरही काहींना साठ-पासष्ट मैलांना पायाखाली घूंऽऽ अशी थरथर जाणवते. ते वेगळं दुखणं आहे. त्या वेगाला क्लच दाबून इंजिन मंद होऊ द्या. थरथर तशीच राहिली तर ती प्रॉपेलर शाफ्टची, इंजिनाबरोबर गेली तर फ्लायव्हील-क्लचची. नवा क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सखालचा आडवा आधार) गिअरबॉक्सची शेपटी वर किंवा खाली करतो, त्यामुळे प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसचे (सांध्यांचे) कोन बिघडतात. शेपटी आणि मागचा पिनियन एकमेकांना समांतर, फरक एका अंशाच्या आत, आणि प्रत्येक क्रॉसला एक ते तीन अंशांचा कोन. कोनमापक फोनमध्येही असतं, पण त्यावर विश्वास ठेवू नका, चुंबकाचं छोटं यंत्र घ्या. माझं क्रॉसमेंबरखाली पाव इंचाची पट्टी घालून मिटलं.

पुढच्या ऑगस्टात वुडवर्डवर पुन्हा दोन तास काढले. घरी आल्यावर गॅरेजसमोर मुद्दाम तीनदा रिव्हर्स टाकला, एकदाही मोजायला थांबलो नाही. नोव्हेंबरात रस्त्यावर मीठ पडायच्या आत गाडी घोड्यांवर चढवली तेव्हा खालचं झाकण उघडून टॉर्च मारला. हबवर भुकटी नव्हती. बेलहाउसिंगच्या आतल्या बाजूला पांढऱ्या पेंट मार्करनं लिहून ठेवलं आहे: प्लेटसकट ३, चेहरा ४, पिना ७ च्या, कल वर. पुढं कधी कुणी हा बॉक्स उतरवला, तर त्याला कोल्हापूरला फोन लावायला लागू नये.